थॉमस स्टीफन्सच्या वाटेने : जुने गोवे, दिवाडी, राचोल

गोव्याला आलेला मराठी माणूस मंगेशी करतो, कवळ्याला शांतादुर्गेला जातो, समुद्रावर दोन संध्याकाळी काढतो आणि परतीच्या दिवशी वाटेत म्हणून जुन्या गोव्यात अर्धा तास थांबतो. त्या अर्ध्या तासात बॉम जेझू बासिलिकेपुढे फोटो निघतात, पण ज्या माणसासाठी मराठी वाचकाने तिथे मुद्दाम जायला हवे, तो भेटतच नाही. 24 ऑक्टोबर 1579 या दिवशी विल्टशरचा एक तिशीतला इंग्रज, जेझुइट या कॅथलिक संघाचा धर्मप्रचारक, गोव्याला पोचला. थॉमस स्टीफन्स त्याचे नाव. या देशातले काहीच त्याच्या ओळखीचे नव्हते. पुढे 1616 मध्ये याच माणसाचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी ख्रिस्तपुराण राचोलला छापले गेले.

मी मूळची कोल्हापूरची. लग्न होऊन फोंड्याला आले तेव्हा उकड्या तांदळाचा भात, रोजच्या आमटी-भाजीतले खोबरे आणि वाळत घातलेले कपडे दोन दिवस दमट राहणे या सगळ्याची सवय व्हायला मला वेळ लागला. घरात बोलायला कोकणी, वाचायला मराठी ही इथल्या हिंदू घरांची जुनी रीतही तेव्हाच कळली. माझे सासरे, अण्णा, निवृत्त मराठी शिक्षक. त्यांनीच मला स्टीफन्सची पत्रे वाचायला लावली. नवख्या माणसाचे पहिले दिवस त्या पत्रांत आहेत, आणि ती वाचून झाल्यावर आम्ही दोघांनी ठरवले की तो ज्या क्रमाने हा मुलूख पाहत गेला त्याच क्रमाने आपणही जायचे. यंदाच्या ऑक्टोबरात तसे गेलो.

तुम्हीही शक्यतो ऑक्टोबरातच जा. पाऊस ओसरलेला असतो, पण उकाडा आणि घाम जबरदस्त. बाहेरून आलेल्याला गोव्याची हवा कशी वाटते हे डिसेंबरातल्या गार सकाळी कळत नाही. सकाळी लवकर निघा, टोपी आणि भरपूर पाणी घ्या, आणि दुपारी बारा ते तीन सरळ सावलीत बसा. पोट बिघडले तर कुठल्याही गोंयकाराच्या घरी सांगतील तेच करा : उकड्या तांदळाची पेज आणि सोबत लोणचे.

सुरुवात जुन्या गोव्यातून नको, दिवाडी बेटावरून करा. पणजी बसस्थानकावरून फोंड्याकडे जाणाऱ्या बसगाड्या जुन्या गोव्यावरून जातात. अंतर दहाएक किलोमीटर. तिथे उतरून धक्क्यावर चालत जा, फेरीबोटीने मांडवी ओलांडा आणि तासाभराने त्याच फेरीने परत या. दिवाडीत वेळ काढण्यासारखे खूप आहे. भातशेती, जुनी घरे, टेकडीवरचे पिएदादचे चर्च. नार्व्याच्या ज्या सप्तकोटेश्वराच्या देवळाचा शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये जीर्णोद्धार केला, त्या देवाचे मूळ ठाणे याच बेटावर होते. पण या फेरीचा खरा उपयोग परतताना होतो. स्टीफन्सने हे शहर नदीतून पाहिले. तुम्हीही एकदा नदीतूनच पाहा.

फेरीबोटीच्या कठड्याशी उभ्या उभ्या अण्णांनी मला एकेक इमारत मनातून पुसायला लावली. धक्क्यासमोरची व्हाइसरॉयची कमान वास्को द गामाच्या पणतवाने 1590च्या दशकाच्या शेवटी उभारली, म्हणजे ती स्टीफन्सला दिसलीच नाही. बॉम जेझूचे काम 1594 मध्ये सुरू झाले, तेही नाही. संत ऑगस्टीनचा उंच मनोरा त्यानंतरचा. सेंट कॅजेटनचा घुमट तर सतराव्या शतकातला. ‘‘मग राहिलं काय, अण्णा?’’ मी विचारले. त्यांनी टेकडीकडे बोट केले. ‘‘ते रोझरीचं चर्च, 1540च्या दशकातलं. खाली सेंट कॅथरीनचं छोटं चॅपेल. आणि से कॅथेड्रलचं नुसतं काम चाललेलं, 1562 पासून. ते पुरं झालं 1619 ला. त्याच वर्षी हा माणूस गेला.’’

या माणसाने इथे काढलेली सगळी वर्षे से कॅथेड्रलचे काम चालूच होते, हे त्या बोटीवर कळले तसे मला पुस्तकात कळले नव्हते. म्हणूनच सांगते, रोझरीच्या चर्चकडे अवश्य चढून जा. पर्यटकांच्या बसगाड्या तिथवर येत नाहीत. तिथल्या उंचीवरून नदी आणि दिवाडी दोन्ही दिसतात, आणि सकाळी लवकर गेलात तर बहुधा तुम्ही एकटेच असाल.

प्रवासाचे हाल त्याने वडिलांना लिहिलेल्या पत्रात आहेत. तारीख 10 नोव्हेंबर 1579, म्हणजे पोचल्यावर जेमतेम अडीच आठवड्यांनी. 4 एप्रिलला पाच जहाजे कर्ण्यांच्या आणि तोफांच्या आवाजात लिस्बनहून निघाली. साडेसहा महिने समुद्रात गेले. ताजे अन्न नाही, पाणी पुरत नाही. लोकांच्या हिरड्या इतक्या सुजत की कापून काढाव्या लागत. पाय सुजत, हातपाय हलेनासे होत. दीडशेहून जास्त माणसे आजारी पडली, 27 मेली, आणि एरवीच्या मानाने हे फारसे नुकसान नाही असे समजले गेले. अशा अंगाने तो धक्क्याला लागला आणि इथे आपले फार प्रेमाने स्वागत झाले असे त्याने लिहिले.

त्याच पत्रात पहिल्या दिवसांतले त्याचे पाहणे आहे, आणि मला ते फार आवडते. युरोपात पाहिलेले एकही झाड इथे दिसले नाही, एक द्राक्षवेल तेवढी आहे पण तिचा इथे उपयोग नाही, असे तो म्हणतो. इथले पेय म्हणजे चांगले पाणी, नाहीतर माडाची दारू. नवीन देशात आलेला माणूस आधी पाणी, झाडे आणि ताट बघतो. धर्म, राज्य, तत्त्वज्ञान हे सगळे मागून. चार वर्षांनी, 24 ऑक्टोबर 1583 च्या पत्रात, तो भावाला माडाचे सविस्तर वर्णन करतो : तेल, दारू, गूळ, साखर, व्हिनेगर, काथ्याचे दोर, झोपडीवर शाकारायला झावळ्या, आणि माणसाच्या डोक्याएवढे फळ वर्षभर. गोव्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्या बाईला विचारा, ती हीच यादी सांगेल. दिवाडीच्या रस्त्यावर सकाळी एखादा रेंदेर, म्हणजे माडाची सूर काढणारा, माडावर चढताना दिसला तर थांबा. कमरेला कोयता, पाठीशी सुरेचे भांडे, आणि खोडाला पाडलेल्या खाचांत अचूक पडणारी पावले. स्टीफन्सने पाहिले ते हेच काम. बाजारात माडाचे व्हिनेगर मिळते. एक बाटली घ्या, महिनाभर पुरते.

जुन्या गोव्यात दुसरे ठिकाण सेंट पॉल कॉलेजचे. फोंड्याच्या रस्त्याला लागलात की बाजूला एक एकटी कमान उभी दिसते, जांभ्या दगडाची, काळ्या दगडाच्या खांबांची, आणि तिच्या मागे काहीच नाही. गाड्या थांबत नाहीत, फलक बघितला तर बघितला. पण 1543 मध्ये सुरू झालेले हे कॉलेज म्हणजे तेव्हाच्या जेझुइटांचे पूर्वेतले मुख्य ठाणे. भारतातला पहिला छापखाना 1556 मध्ये इथेच आला. फ्रान्सिस झेवियरचे शव स्टीफन्स आला तेव्हा याच कॉलेजात होते, बासिलिकेत ते पुढे नेले. साथींमुळे इमारत ओस पडली आणि एकोणिसाव्या शतकात पाडली गेली. आम्ही तिथे बराच वेळ थांबलो. जांभ्याच्या भोकांत शेवाळ साचले होते, आणि कमानीच्या एका कोपऱ्यात पिंपळाचे रोप आले होते. पावसाळ्यानंतर इथला दगड निसरडा असतो, चप्पल नको, बूट घाला. रस्ता वाहता आहे, मुलांचा हात सोडू नका.

बासिलिकेत आणि से कॅथेड्रलमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे हवेत. मिस्सा चालू असेल तर फोटो काढत फिरू नका, मागच्या बाकावर शांत बसा. कोकणीतली प्रार्थना मराठी माणसाला बरीचशी कळते. 24 नोव्हेंबरपासून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होते आणि 3 डिसेंबरला संत झेवियरचे फेस्त. तेव्हा गर्दी अफाट असते. ती बघायची असेल तर तेव्हाच जा, शांतपणे फिरायचे असेल तर ते दिवस टाळा. सांता मोनिकाच्या मठातले ख्रिस्ती कलेचे संग्रहालयही बघण्यासारखे आहे. मूळचे ते राचोलला होते.

शहरात स्टीफन्स फार राहिला नाही. त्याचे आयुष्य गेले ते दक्षिण गोव्यातल्या साष्टीच्या गावांत, आणि माझ्या मते तो मराठीचा झाला तोही तिथेच. म्हणून ही वाट जुन्या गोव्यात संपवू नका. दुसरा दिवस राचोलसाठी ठेवा. मराठीत याला रायतूर म्हणतात. मडगावहून साताठ किलोमीटर, राय गावावरून फाटा. फोंड्याहून येणाऱ्यांनी बोरीच्या पुलावरून यावे. आमची गाडी होती, पण बसने येणाऱ्यांनी रायला उतरून रिक्षा करावी, आणि परतीची रिक्षा तेव्हाच ठरवून ठेवावी. तिथे उभ्या रिक्षा मिळत नाहीत.

आधी जुन्या किल्ल्याच्या कमानीखालून रस्ता जातो, मग टेकाडावर सेमिनरीची, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयाची, मोठी पांढरी इमारत. पाया 1606 मध्ये घातला, 1610 मध्ये पुरी झाली. आत आजही विद्यार्थी राहतात, शिकतात. हे प्रेक्षणीय स्थळ नाही, लोकांचे राहते घर आहे, हे ध्यानात ठेवून दारावर विचारावे. आम्हाला एका तरुण सेमिनरियनने आत नेले, चौक दाखवला, भिंतींवरची जुनी चित्रे दाखवली. अण्णांनी ख्रिस्तपुराणाचा विषय काढताच तो उजळला. त्याला त्यातल्या काही ओव्या पाठ होत्या. तो म्हणायला लागला आणि मध्येच अण्णांनी पुढची ओळ उचलली. एक ख्रिस्ती कोकणी मुलगा आणि एक हिंदू मराठी मास्तर, दोघांनी मिळून ती ओवी पुरी केली. मी तिथे होते हे माझे भाग्य.

मूळ पुस्तक बघायला मिळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. 1616, 1649 आणि 1654 अशा तीन आवृत्त्या निघाल्या, रोमन लिपीत. त्यांतली एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुराण टिकले ते हस्तलिखितांमुळे. देवनागरी आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी 1956 मध्ये पुण्यातून काढली. निघण्याआधी ग्रंथालयात ती मागून थोडी तरी वाचा, नाहीतर राचोल ही नुसती इमारत वाटेल.

सेमिनरी बघून झाली की खाली झुआरीकडे जा. आमचा सर्वात जास्त वेळ तिथे गेला. सोळाव्या शतकात हा किल्ला सरहद्दीवर होता. अलीकडे पोर्तुगीजांची साष्टी, पलीकडे आदिलशाही. 1567 मध्ये साष्टीतली देवळे पाडली गेली. मडगावचा दामोदर जांबावलीला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. अण्णांचे घराणे मूळ केळशीचे. ‘‘देव गेले, मागून आम्ही गेलो,’’ ते म्हणाले, ‘‘आणि जे मागे राहिले त्यांच्याकडं पोथी राहिली नाही.’’ स्टीफन्स आला तेव्हा हे सगळे होऊन बारा वर्षे झाली होती. पुराण ऐकण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असलेली, नव्याने ख्रिस्ती झालेली माणसे त्याच्यासमोर बसत होती. त्यांच्यासाठी त्याने ओवी उचलली. त्याच्या कामावर माझे प्रेम आहे, आणि ज्या राजवटीच्या आश्रयाने तो आला तिने केलेला अन्यायही मला तिथे उभे राहून विसरता येत नाही. वाचकांनीही दोन्ही गोष्टी बरोबर घेऊन तिथे उभे राहावे असे मला मनापासून वाटते.

त्यासाठी वेळ असेल तर तिथून कुंकळ्ळीला जा. जुलै 1583 मध्ये तिथे गावकऱ्यांनी रोदोल्फो आक्वाविवासह पाच जेझुइटांना मारले. हा आक्वाविवा अकबराच्या दरबारात राहून आलेला. त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करायला म्हणून आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि ठार केले. त्या प्रमुखांचे स्मारक आज गावात आहे, आणि मारल्या गेलेल्या पाद्रींची आठवण ठेवणारे चॅपेलही आहे. माडाचे ते प्रेमाने केलेले वर्णन स्टीफन्सने लिहिले ते या घटनेनंतर तीन महिन्यांनी, याच साष्टीत काम करत असताना. दोन्ही ठिकाणी जा, एक बघून दुसरे सोडू नका. स्मारकाचा रस्ता गावात कोणीही सांगतो. मडगाव-काणकोण रस्त्यावरच्या बसगाड्या कुंकळ्ळीला थांबतात. संध्याकाळी त्या गच्च भरून येतात, तेव्हा म्हातारी माणसे बरोबर असतील तर पाचच्या आत परत फिरा.