तुम्ही विचारलंत म्हणून: तिथं कोण गेलं होतं बघायला?

सोसायटीच्या गच्चीवर दुर्बीण लावली की शनीची कडी बघून झाल्यावर कोणीतरी हा प्रश्न विचारतंच, पण सगळ्यात खणखणीत विचारला तो आमच्या आत्याने. माहेरही सदाशिव पेठ, सासरही सदाशिव पेठ, त्यामुळे प्रश्न कुठे संपला आणि टोमणा कुठे सुरू झाला हे तिच्याकडे कळत नाही. "सूर्यात हे आहे, ताऱ्यात ते आहे म्हणतोस, तिथं कोण गेलं होतं रे बघायला?"

आता आत्या एकटी नाही हं. 1835 मध्ये ऑग्युस्त कोंत या फ्रेंच तत्त्वज्ञाने लिहूनच ठेवलं होतं की ताऱ्यांचं अंतर, आकार एकवेळ कळेल, पण ते कशाचे बनलेत हे काही माणसाला कळायचं नाही.

मी म्हटलं, आत्या, कोणी गेलं नाही, जायला लागतही नाही, तू स्वतः ते ओट्यापाशी उभी राहून बघितलंयस. आमटी उतू जाते तेव्हा गॅसची निळी ज्योत भसकन पिवळी होते ना? ते मीठ. म्हणजे मिठातलं सोडियम. तापलं की ते त्याचा ठरलेला पिवळाच टाकणार, मग ते तुझ्या गॅसवर असो नाहीतर सूर्यावर.

आणि हा रंग म्हणजे काय, तर लाटेची लांबी. खडकवासल्याला पाण्यात दगड टाकला की लाट काठाला येते, पण मधे तरंगणारं पान जागच्या जागी वरखाली होत राहतं, म्हणजे पाणी येत नाही, नुसती हालचाल येते. प्रकाश पण लाटच, फक्त त्याला पाणी लागत नाही, हवा लागत नाही, पोकळीतून सेकंदाला जवळजवळ 3 लाख किलोमीटरने सुटतो. वेग सगळ्या रंगांना तोच, त्यामुळे लाट आखूड असेल तर सेकंदाला जास्त लाटा येणार, लांब असेल तर कमी, साधा हिशोब आहे. जांभळा 400 नॅनोमीटरच्या आसपास, लाल 700 च्या, आणि मिठाचा पिवळा 589. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.)

सूर्यप्रकाश नीट पसरून बघितला तर त्या पट्ट्यात बारीक काळ्या रेघा दिसतात, आणि त्यातली एक जोडी बरोब्बर मिठाच्या पिवळ्याच्या जागी. 1859 मध्ये जर्मनीत किर्खहॉफ आणि बुन्सेन या शास्त्रज्ञांनी हे कोडं सोडवलं: जो वायू तापल्यावर जो रंग टाकतो तोच रंग तो मागच्या प्रकाशाच्या मानाने थंड असताना गिळतो. खालून येणारा प्रकाश सूर्याच्या वरच्या, त्यामानाने थंड वायूतून येताना तिथलं सोडियम आपला वाटा काढून घेतं आणि मागे काळी रेघ राहते. कोंत बिचारे दोन वर्षं आधीच गेले होते.

हेलियम तर आधी सूर्यातच दिसला. 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणात गुंटूरला जान्सन या फ्रेंच माणसाने सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट (म्हणजे पसरलेल्या प्रकाशाचा तोच पट्टा) बघितला, त्यात एक पिवळी रेघ होती, सोडियमच्या शेजारची पण सोडियमची नाही, 587.5 नॅनोमीटरवर, तीच हेलियमची. पुढे ऑक्टोबरमध्ये लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबाने ती इंग्लंडात बसून बघितली. हो, इंग्लंडातच! विजयदुर्गावर हेलियम सापडला असा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल, पण साहेब विजयदुर्गावर आला तो 1898 च्या जानेवारीतल्या ग्रहणाला, आणि तोपर्यंत हेलियम पृथ्वीवरसुद्धा सापडून तीन वर्षं झाली होती. मी हे फॅमिली ग्रुपवर लिहिलं तर दोन काका अजून बोलत नाहीत.

तर एवढं सगळं ऐकून आत्याला मी नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा फोटो दाखवला, 45 मीटर व्यासाच्या 30 डिश, ताऱ्यांच्या मधल्या जागेतल्या हायड्रोजनची 21 सेंटीमीटरची रेडिओ लाट (प्रकाशासारखीच, फक्त खूप लांब) तिथे पकडता येते. फोटो झूम करून म्हणाली, "अरे ही तर नुसती जाळी आहे, सगळं गळून जात असेल की!" आणि हा प्रश्न मला पहिल्यापेक्षा जास्त आवडला, कारण जाळीची भोकं एक-दोन सेंटीमीटरची, लाट त्याच्या दसपट, तिला ती भोकं जाणवतच नाहीत, सपाट पत्र्यावर आपटल्यासारखी परत फिरते. तुझ्या मायक्रोवेव्हच्या दारात पण जाळीच आहे, म्हटलं. आतली लाट 12 सेंटीमीटरची, ती अडते, आणि दिसणारा प्रकाश इतका बारीक की आरामात भोकातून बाहेर येतो, म्हणून तर आतली वाटी दिसते.

आत्या उठली, चष्मा लावून दाराची भोकं बघून आली. मग म्हणाली, "बोलण्यात चहा गार केलास, आता ठेव त्यातच."