नाव नंतर भरू

कॅलिफोर्नियात नोटरी व्हायला वकील असावं लागत नाही. वय १८ पूर्ण, सहा तासांचा अभ्यासक्रम, एक परीक्षा, बोटांचे ठसे देऊन पडताळणी आणि १५,००० डॉलरचा बाँड, एवढं झालं की चार वर्षांसाठी शिक्का हातात. आपल्याकडे वर्षानुवर्षं वकिली केल्याशिवाय नोटरीसाठी अर्जसुद्धा करता येत नाही. त्यामुळे इथली मराठी मंडळी मला बोलावतात नोटरी म्हणून आणि प्रश्न विचारतात वकील समजून. "ताई, जनरल पॉवर ऑफ अटर्नी करू की स्पेशल?" यावर मी तोंड उघडलं तर परवाना नसताना वकिली केल्याचा ठपका माझ्यावर. म्हणून मी गोड हसते आणि पासपोर्ट मागते.

मी फिरती नोटरी. बॅगेत शिक्का, नोंदवही आणि अंगठ्याचं पॅड घालून लोकांच्या घरी, हॉस्पिटलात, कधी हॉटेलच्या पार्किंगमध्येही जाते. एका सहीमागे कायद्याने जास्तीत जास्त १५ डॉलर घेता येतात. जाण्यायेण्याचं वेगळं, तेही आधी ठरवून. मराठी कामं जास्त येण्याचं एक कारण आहे. सही करणाऱ्याशी नोटरीला थेट बोलता आलं पाहिजे, मध्ये दुभाषा चालत नाही. इंग्रजी न येणाऱ्या आजी-आजोबांना इतर नोटरी हात जोडतात आणि मग माझा फोन वाजतो.

या काकूंना इंग्रजी उत्तम येत होतं. फ्रीमाँटला लेकीकडे आल्या होत्या, अंगणात पडल्या, खुबा आणि उजवं मनगट दोन्ही गेलं. पुनर्वसन केंद्रात होत्या. इकडे पुण्यात त्यांच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरलेला, करारनाम्यांवर सह्या सुरू झालेल्या आणि यांचं परतीचं तिकीट रद्द. बिल्डरच्या ऑफिसातून कुळमुखत्यारपत्राचा, म्हणजे पॉवर ऑफ अटर्नीचा मसुदा आला होता. "फक्त सही करून घ्यायची आहे," लेक फोनवर म्हणाली. हे 'फक्त' मी रोज ऐकते.

शनिवारी दुपारी तीनला पोचले. पासपोर्ट पाहिला, मुदतीत होता. लेकीला जरा बाहेर थांबायला सांगितलं. हे मी नेहमी करते, आणि दहातल्या नऊ लेकी-मुलांना ते आवडत नाही. काकूंना विचारलं, "कागद कशाचा आहे, माहीत आहे ना?"

"माझ्या वतीने कोणीतरी रजिस्ट्रारपुढे जाणार त्याचा. कोण जाणार ते मात्र यांनी लिहिलेलं नाही."

खरंच नव्हतं. मुखत्याराच्या नावाच्या जागी नुसती ठिपक्यांची ओळ. वर पेन्सिलीने बारीक अक्षरात : नाव नंतर भरू. आणि खाली अधिकारांच्या यादीत करारनाम्यावर सही करणे, नोंदणीसाठी कबुली देणे यांच्या शेपटीला 'सदर सदनिका विकणे, हस्तांतरित करणे' हेही जोडलेलं.

विक्रीचं कलम मला दिसलं, पण त्यावर बोलायची सोय मला नाही. कोऱ्या जागेवर मात्र आहे. अपुऱ्या कागदावर शिक्का मारायला कॅलिफोर्नियाचा कायदाच मनाई करतो. मी लेकीला आत बोलावून तेवढंच सांगितलं. ती वैतागली. तिचंही चूक नव्हतं. आठवडाभर ऑफिस, केंद्र आणि घर अशी तिची ओढाताण चालली होती. "पुण्यात पहाटेचे साडेतीन वाजलेत, आता कोणाला विचारू?"

"भाऊ पाचला उठतो," काकू म्हणाल्या. "म्हणजे इथले साडेचार. तोवर मला एक कोरा कागद दे."

कोरा कागद सापडेना, म्हणून जेवणाचा मेनू उलटा केला. काकू डाव्या हाताने सही गिरवू लागल्या. पुण्यातल्या एका बँकेत त्यांची सगळी नोकरी झालेली, बरीच वर्षं चेकवरच्या सह्या ताडून बघण्यात. "सही जुळत नाही म्हणून मी किती जणांचे चेक परत पाठवलेत माहितीये? आता माझीच जुळत नाही." लिहिता येत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर खूण करूनही चालतं, हे मी सांगितलं. एवढी माहिती द्यायला हरकत नसते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं. मेनूच्या पाठीवर पहिल्या ओळीत आडनावातला 'र' पालथा पडला होता. खालच्या ओळींपर्यंत तो उठून बसला.

साडेचारला फोन लागला. लेकीचे हे मामा महसूल खात्यातून निवृत्त झालेले. स्पीकरवर खणखणीत आवाज. कोरी जागा म्हटल्याबरोबर त्यांनी बिल्डरचा उद्धार केला, तो इथे लिहिण्यासारखा नाही. मग मुद्द्यावर आले. विक्रीचे अधिकार नात्यातल्या जवळच्या माणसाला मोबदल्याशिवाय दिले तर महाराष्ट्रात मुद्रांक ५०० रुपये, तिऱ्हाइताला दिले तर थेट खरेदीखताइतका. "आणि तुला फ्लॅट विकायचाच नाहीये तर ते कलम हवंय कशाला? माझं नाव घाल आणि विक्री काढून टाक." लेकीकडे मसुद्याची फाइल लॅपटॉपवर होती. मायलेकी कलमं खोडत बसल्या तेव्हा मी खिडकीतून पार्किंग बघत होते. शेवटी 'फक्त करारनाम्यापुरते, विक्री वा हस्तांतराचा अधिकार नाही' हे वाक्य काकूंनी स्वतः सांगून घातलं. बँकेत मुरलेलं इंग्रजी, एका स्वल्पविरामाचाही घोळ नाही.

स्वागतकक्षातून नवी प्रत छापून आणली. मसुद्यात दोन साक्षीदार हवे होते. केंद्राच्या नर्सना सही करायची परवानगी नव्हती, म्हणून लेकीच्या शेजारचं जोडपं धावत आलं. काकूंनी प्रत्येक पानावर डाव्या हाताने सही केली, सावकाश, जीभ दाताखाली धरून. मग माझ्या नोंदवहीत. मुखत्यारपत्र असलं की वहीत उजव्या अंगठ्याचा ठसा घ्यावाच लागतो. तो तर प्लास्टरच्या आत. अशा वेळी डावा घेऊन कारण शेजारी लिहायचं असतं, तसं लिहिलं.

नोटरीच्या प्रमाणपत्राच्या वर एक चौकट छापलेली असते. तिचा अर्थ असा, की नोटरी फक्त सही करणाऱ्याची ओळख पटवतो. कागद खरा, अचूक किंवा वैध असल्याची ग्वाही देत नाही. काकूंनी ती मोठ्याने वाचली. "म्हणजे तू काहीच जबाबदारी घेत नाहीस."

"तुम्ही तुम्हीच आहात, एवढी घेते."

"आणि त्याचे १५ डॉलर!" असं म्हणत त्यांनी लेकीला पर्स आणायला पिटाळलं.

पुढचं काम लेकीचं होतं. कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारं सरकारी प्रमाणपत्र, त्याचे २० डॉलर, मग कुरिअर. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिथला मुद्रांक भरायचा, नाहीतर दंड. काही जण अपोस्टिलऐवजी भारतीय वकिलातीतून करून घेतात. आपल्या दुय्यम निबंधक कार्यालयात काय चालतं ते आधी विचारलेलं बरं. हा सल्ला नव्हे, ऐकीव माहिती.

काही दिवसांनी लेकीचा फोन आला. कागद मामांना मिळाला होता, मुद्रांकही भरून झाला होता. पण बिल्डरच्या ऑफिसने निरोप धाडलाय, की ते 'विक्री वा हस्तांतराचा अधिकार नाही' वाक्य काढून नवं मुखत्यारपत्र पाठवा, आमच्या वकिलांना अडचण येते. मी विचारलं, मग कधी येऊ?

"नको," ती म्हणाली. "आई वॉकरवर चालायला लागलीये. म्हणते तिकीट काढ, मीच जाऊन विचारते काय अडचण आहे ती."