काळ्या मातीत डिफरन्शियल लॉक : माझा अनुभव

आमची संत्र्याची बाग काटोलकडे, डांबरी रस्त्यापासून दीड किलोमीटर आत, आणि ते दीड किलोमीटर म्हणजे पांदण. काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी, पण एकदा पाणी पिऊन फुगली की टायरच्या सगळ्या खाचा बुजवून टाकते. मागच्या ऑगस्टमध्ये आंबिया बहाराची फळगळ सुरू झाली, औषध पोचवणं भागच होतं, म्हणून सकाळीच नागपूरहून फोर्स गुरखा, माझी फोर-बाय-फोर गाडी, काढली. सेकंडहँड घेतलेली, पुढचं-मागचं दोन्ही डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकाला जोर वाटून देणारे गिअर) हाताने लॉक होणारं, पण मी तोवर लॉकला हातही लावला नव्हता, वाटायचं फोर लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) टाकलं की झालं.

नाही होत. नाल्याजवळ बैलगाडीच्या चाकोरीत मागचं डावं चाक उतरलं, तिरपं समोरचं उजवं जवळजवळ अधांतरी, आणि तीच दोन गरगर फिरून राहिली, घट्ट जमिनीवरची दोन हलेनात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं म्हणून साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देतं, पण जोर दोघांना सारखाच देतं, म्हणजे घसरणारं चाक जेवढा पेलेल तेवढाच दुसऱ्याला. चिखलात तो किती असणार? लॉक टाकला की दोन्ही चाकं एकत्रच फिरतात.

मी रेस देत राहिलो. सालदार मामा धावत आले, "भाऊ, रेस नका देऊ, गड्डा खोदून राहिली गाडी!" थांबलो. चाक फिरत असताना लॉक टाकायचा नाही एवढं माहीत होतं, आतले दात मोडू शकतात. मागच्या लॉकचा लिव्हर ओढला तर डॅशबोर्डवरचा लॉकचा लाइटच लागेना. मग क्लच हळूच सोडत वीतभर मागे घेतली, खालून टक् आवाज आला अन् लाइट पेटला, दात बसायला चाकं थोडी फिरावी लागतात. मामांनी फावड्याने पोटाखालचा चिखल ओढला (पोट टेकलेलं असलं तर कुठलाच लॉक कामाचा नाही), टायरची हवा २० पीएसआयवर आणली, तरी गाडी जागची हलेना, म्हणून पुढचाही लॉक टाकला, स्टिअरिंग सरळ, अ‍ॅक्सिलरेटर जेमतेम, आणि गाडी आवाज न करता वर आली. पुढचा लॉक असला की स्टिअरिंग फार जड होतं, त्यामुळे तो लगेच काढला.

परतताना नाल्याच्या वीस फूट आधीच थांबलो, मागचा लॉक टाकला अन् एकही चाक न घसरता पार. फसल्यावर नाही, फसायच्या आधी टाकायचा हा लॉक, हे त्या दिवशी कळलं.

डांबरीवर आलो, लिव्हर खाली केला तरी लाइट तसाच, वळवली तर मागचं टायर घासायला लागलं. कोरड्या रस्त्यावर लॉक राहिला तर अ‍ॅक्सलवर ताण येतो. सरळ थोडी रिव्हर्स घेतली, लाइट विझला, मग काटोलला पंक्चरवाल्याकडे हवा भरून घेतली आणि नागपूरचा रस्ता धरला.