खावटीवर टॅक्स लागतो का? तुम्ही विचारलंत म्हणून

माझा घटस्फोट झाल्यापासून बायका मला लग्नात, बाजारात बाजूला घेऊन हळूच विचारतात, ताई, खावटीच्या, म्हणजे पोटगीच्या पैशावर टॅक्स भरावा लागतो का हो?

महिन्याच्या महिन्याला येत असेल तर ती उत्पन्नात धरतात, रिटर्नमध्ये 'इतर उत्पन्न' म्हणून दाखवायची. एकरकमी मिळाली तर ती भांडवली रक्कम, म्हणजे उत्पन्नात धरत नाहीत, तिच्यावर टॅक्स नाही. इन्कम टॅक्सच्या कायद्यात पोटगीचं वेगळं कलम नाही, हा फरक मुंबई हायकोर्टाने १९८३ साली प्रतापगढच्या राजकन्या महेश्वरीदेवींच्या केसमध्ये केला, आणि आपलं नागपूर खंडपीठ त्याच हायकोर्टाचं.

मला हे तेव्हा कोणीच सांगितलं नाही. वकिलांनी विचारलं दरमहा की एकदम, मी म्हटलं दरमहा, कारण एवढे पैसे एकदम हातात आले तर घरचेच मागतील ही भीती, आणि केली सही. मग जुलैत सीए विचारतात, मॅडम हे दर महिन्याला २० हजार कुठून येऊन राहिले? शाळेचा पगार अधिक वर्षाचे हे २ लाख ४० हजार, भरला टॅक्स. खूप राग आला होता, अजूनही येतो, कारण ज्या पगारातून माझा आधीचा नवरा हे पैसे देतो त्यावर त्याने टॅक्स भरलेलाच असतो, त्याला खावटीची वजावट मिळत नाही, आणि त्याच पैशावर परत मी भरायचा. अमेरिकेत ३१ डिसेंबर २०१८ नंतरच्या घटस्फोटांना देणाऱ्याला वजावट नाही पण घेणारीला टॅक्सही नाही. इथे का नाही तसं?

२०२५-२६ पासून टॅक्सच्या नव्या पद्धतीत (नवी रिजीम) १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर टॅक्स शून्य होतो, त्यामुळे फक्त खावटीवर जगणाऱ्या बहुतेकींना भरावा लागणार नाही, पण उत्पन्न ४ लाखांवर गेलं की रिटर्न भरायचंच.

म्हणून सगळ्यांनी एकरकमीच घ्या असं नाही म्हणत मी. दरमहाची रक्कम परिस्थिती बदलली तर कोर्टाकडून वाढवून मागता येते, एकदम घेतली की बहुतेक वेळा विषय संपला. आणि ती एफडीत टाकली तर व्याजावर टॅक्स आहेच, व्याज वर्षाला ५० हजारांच्या वर गेलं की बँक टीडीएस, म्हणजे टॅक्स आधीच कापून घेते. पण नवऱ्याच्या नोकरीचा भरवसा नसेल ना, तर एकदमच घ्या बापा.

परवा जिने विचारलं तिची कोर्टाची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. तिला म्हटलं, कन्सेंट टर्म्सवर, म्हणजे दोघांच्या संमतीच्या अटींच्या कागदावर सही करायच्या आधी तो कागद घेऊन सीएकडे जाऊ, मी येते सोबत.