वर्षभराचा इतिहास, तीन बाय पाचच्या कार्डावर

मे महिना संपत आला की आमच्या जेवणाच्या टेबलावर ताट ठेवायला जागा उरत नाही. सध्या तिथे अमेरिकेचा इतिहास पसरलाय. लेक अकरावीत आहे आणि तिची यूएस हिस्टरीची फायनल क्युम्युलेटिव्ह आहे. शाळा सुरू झाल्या झाल्या शिकवलेल्या तेरा वसाहतींपासून परवा परवा उरकलेल्या शीतयुद्धापर्यंत काहीही विचारतील. वर्षभर एक युनिट झालं की त्याची टेस्ट, आणि टेस्ट झाली की ते युनिट डोक्यातून रिकामं, असा इथल्या मुलांचा शिरस्ता. त्या सगळ्याचा हिशेब आता एकदम चुकता करायचा.

टीचरनी स्टडी गाइड दिलंय, पण त्यात नुसत्या नावांची जंत्री: मिसुरी तडजोड, डस्ट बोल, मार्शल प्लॅन. उत्तरं मुलांनीच शोधायची. शिवाय परीक्षेत एक इंडेक्स कार्ड न्यायला परवानगी आहे. तीन बाय पाच इंचांचं, स्वतःच्या हाताने लिहिलेलं. ऐकून इथे नवीन आलेल्या एका मैत्रिणीचे डोळे विस्फारले, ‘म्हणजे कॉपीच की!’ पण एवढ्याशा कार्डावर काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे ठरवताना पोरांचा निम्मा अभ्यास होऊन जातो.

पेपरात बहुपर्यायी प्रश्न असतात, तेही एखादा उतारा, नकाशा नाहीतर व्यंगचित्र देऊन. खरी कसोटी निबंधाची. पाच-सहा मूळ कागदपत्रं समोर ठेवतात आणि विचारतात, यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेने कृष्णवर्णीयांचं आयुष्य कितपत बदललं? बदललं म्हणावं, तर 1865 ते 1870 या काळात तीन घटनादुरुस्त्या झाल्या: गुलामगिरी गेली, नागरिकत्व मिळालं, पुरुषांना मताचा हक्क मिळाला. नाही म्हणावं, तर 1877 मध्ये दक्षिणेतल्या राज्य सरकारांच्या पाठीशी उभं असलेलं लष्कर काढून घेतलं आणि 1896 च्या प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेतल्या काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या डब्यांवर शिक्कामोर्तब केलं. दोन्ही बाजू मांडायच्या आणि तरी एक बाजू घ्यायची. ‘दोन्ही म्हणणी बरोबर आहेत’ असं लिहून सुटका नाही.

‘इथे सनावळ्या पाठ कराव्या लागत नाहीत’ असं आपली मंडळी कौतुकाने सांगतात. मला ते अर्धंच पटतं. कुठलं साल ते कुणी विचारत नाही, हे खरं. पण शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणारा ब्राउन खटल्याचा निकाल 1954 चा आणि बसमधल्या वर्णभेदाविरुद्धचा माँटगोमेरीचा बसबहिष्कार 1955 च्या डिसेंबरातला, हा क्रम पक्का नसेल तर कशामुळे काय झालं ते सांगणार कसं? घोकंपट्टी नको, पण खुंट्या हव्यातच.

लेकीने दोन दिवस युनिटवार उजळणी केली आणि कंटाळून सोडून दिली. मग तिने एकेक धागा धरून सगळं वर्ष ओवायला घेतलं. ‘नागरिक कोणाला म्हणायचं?’ हा त्यातला एक धागा, आणि तिथे मीही खुर्ची ओढून बसले.

सुरुवात 1882 च्या एका व्यंगचित्राने. भिंतीतलं एक बंद दार, बाहेर आपली गाठोडी घेऊन बसलेला एक चिनी माणूस आणि दारावर पाटी: कम्युनिस्ट, निहिलिस्ट, गुंडपुंड सगळ्यांचं स्वागत, चिन्यांना मात्र प्रवेश नाही. चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदा त्याच वर्षी झाला. 1917 मध्ये बंदीच्या पट्ट्यात भारतासकट आशियाचा मोठा भाग आला. 1924 च्या कायद्याने देशवार कोटे ठरवले, तेही मुद्दाम 1890 ची जनगणना धरून, कारण दक्षिण आणि पूर्व युरोपातले लोंढे मुख्यतः त्यानंतरचे.

दरम्यान दोन खटले झाले. 1922 मध्ये न्यायालयाने जपानी ओझावांना सांगितलं, तुम्ही कॉकेशियन (वंशशास्त्राच्या भाषेत गोऱ्या वंशाचे) नाही, म्हणून गोरे नाही, म्हणून नागरिकत्व नाही. तीनच महिन्यांनी, 1923 मध्ये, भगत सिंग थिंद उभे राहिले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात असलेला माणूस. त्या काळच्या वंशशास्त्राप्रमाणे आम्ही कॉकेशियनच, असं त्यांचं म्हणणं. त्यावर तेच न्यायालय म्हणालं, शास्त्राचं राहू द्या, सामान्य माणूस तुम्हाला गोरं समजत नाही. दोन्ही निकाल एकाच न्यायमूर्तींनी लिहिलेले! लेक म्हणाली, ‘आई, हे दोन शेजारी ठेवले की निबंध आपोआपच लिहून होतो.’ त्या निकालानंतर कित्येक भारतीयांना मिळालेलं नागरिकत्वही काढून घेतलं गेलं.

भारतीयांना नागरिक होण्याचा हक्क मिळाला 1946 मध्ये, वर्षाला 100 जणांच्या कोट्यासह. देशवार कोट्यांची ती पद्धत रद्द करणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली 3 ऑक्टोबर 1965 ला, स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या पायथ्याशी. आमच्यासारखी हजारो घरं इथे आहेत ती त्या सहीमुळे. तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीमुळे झाला की शीतयुद्धात जगापुढे तोंड दाखवायचं होतं म्हणून, यावर आमचा अर्धा तास वाद झाला. माझं मत चळवळीच्या बाजूने. तिला दोन्ही कारणं हवी होती, कारण गुंतागुंत दाखवली की जास्तीचा गुण मिळतो. व्यवहारी आहे.

थिंद मात्र 1936 मध्येच नागरिक झाले होते. आदल्या वर्षीच्या एका कायद्याने महायुद्धात लढलेल्या आशियाई सैनिकांना तेवढी सवलत दिली होती. हा अपवाद कार्डावर हवाच, असा तिचा हट्ट, आणि कार्ड तर मुंगीच्या अक्षरात दोन्ही बाजूंनी भरलेलं. मी सुचवलं, तो आयातकराचा कायदा, स्मूट-हॉली टॅरिफ, काढ. ‘वेडी आहेस का? टॅरिफ येणारच!’ शेवटी टीपॉट डोम हा राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या काळातला तेलघोटाळा खोडला गेला आणि थिंद आत आले.

फायनल गुरुवारी आहे. इतिहास सकाळी, त्याच दुपारी केमिस्ट्री. त्याचं कार्ड अजून कोरं आहे.