भाऊबीज झाली, आता ऑरलँडो

रविवार, भाऊबीज

आज इथे न्यू जर्सीत हिवाळ्यासाठी घड्याळं एक तास मागे गेली. दरवर्षी हा फुकटचा तास मी झोपेत घालवते, यंदा तो डिस्ने वर्ल्डच्या नियोजनात गेला. माझ्या नवऱ्याला, मंदारला, त्याच्या चुलतबहिणीनं ओवाळलं, जेवणं झाली, ताटं उचलली आणि त्याच टेबलावर मी लॅपटॉप उघडला. बाबा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "बजेट मांडतेस का काय?" तसंच काहीसं.

न्यू जर्सीतल्या शिक्षकांचं अधिवेशन नोव्हेंबरात अटलांटिक सिटीला भरतं, त्यामुळे गुरुवार-शुक्रवार शाळांना सुट्टी. बाकी अमेरिकेतली पोरं त्या दिवशी शाळेत, म्हणजे डिस्नेला गर्दी कमी, असं गणित कुणा हुशार जर्सीवाल्यानं कधीतरी मांडलं असणार. मग ते सगळ्यांनीच मांडलं. आता या आठवड्याला तिकडे 'जर्सी वीक' असंच म्हणतात. गर्दी चुकवायला निघालेल्यांचीच गर्दी! तरी आम्ही निघालोय, कारण आई-बाबा डिसेंबरात कराडला परतणार आणि मुलांना आजी-आजोबांबरोबरच जायचंय.

वार ठरवण्यातच डोकं गेलं. डिस्ने वर्ल्डमध्ये वेगवेगळी पार्कं आहेत, त्यातल्या मॅजिक किंगडममध्ये शुक्रवारी ख्रिसमसची वेगळ्या तिकिटाची पार्टी आहे. पार्टीच्या दिवशी साध्या तिकिटवाल्यांना संध्याकाळी सहाला बाहेर काढतात. दिवसा गर्दी कमी असते म्हणे, पण रात्रीची आतषबाजी हुकते. म्हणून गुरुवारी मॅजिक किंगडम, शुक्रवारी ॲनिमल किंगडम.

मग उंच्या. स्पेस माउंटन आणि एव्हरेस्ट या राइडना ४४ इंच लागतात, सात बुटक्यांच्या खाणगाडीला ३८. सईला दाराच्या चौकटीला उभं करून मोजलं: ४२. तिनं टाचा उचलून पुन्हा मोजायला लावलं. तरी ४२.

कुकर नेणार नाही, असं मी जाहीर केलं होतं. ऑरलँडोजवळ किसिमीला स्वयंपाकघरासकट घर भाड्यानं घेतलंय, तिथे भांडी असतात. रात्री आईंची बॅग उचलून पाहिली तर जड लागली. विचारलं नाही.

सोमवार

सकाळी सातच्या ठोक्याला फोनवर. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना सात दिवस आधी लायटनिंग लेन घेता येते, आमच्यासारख्या बाहेर उतरणाऱ्यांना तीन दिवस आधी. गुरुवारसाठी आज. तीन राइडच्या वेळा मिळाल्या, त्यातली एक दुपारी चारची. चहा गार.

आईंना लायटनिंग लेन समजावून सांगत होते, की साधी रांग फुकट, पण जादा पैसे भरले तर ठरलेल्या वेळी दुसऱ्या, छोट्या रांगेतून सोडतात. त्यांनी मध्येच थांबवलं. "तिरुपतीचं तीनशे रुपयांचं दर्शन. कळलं." मग थोड्या वेळानं, भाजी निवडता निवडता, "देवाला चालतं तर उंदराला का चालू नये."

बुधवार, रात्री उशिरा

पोचलो. विमानतळावरच्या तपासणीत बेसनाच्या लाडवांचा डबा स्कॅनरखालून गेला, मग उघडून बघितला गेला, मग तपासणाऱ्यानं हसून बंद केला. कुकरकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

गुरुवार

पाय सुजलेत, पण आजच लिहून ठेवते. उद्या सगळं एकमेकांत मिसळेल.

गाडी लावतो तिथून मॅजिक किंगडम दिसत नाही. मोनोरेलनं जायचं किंवा लाँचनं तळं ओलांडायचं. मुलांना मोनोरेल हवी होती. आई म्हणाल्या, "पाणी आहे तर बोटीनं जाऊ." आजी जिंकली. सईला सगळ्यात आधी किल्ल्याचे निळे कळस दिसले आणि तिनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

गुडघ्यांसाठी आईंना व्हीलचेअर भाड्यानं घेतली. त्यांना ती मुळीच मान्य नव्हती. "मी काय आजारी आहे?" शेवटी खुर्चीत पाण्याच्या बाटल्या, जॅकेटं, चकलीचा डबा आणि दमली की सई. आई त्या खुर्चीची मूठ धरून मागून चालल्या, आणि आधार तेवढाच हवा होता हे त्यांनी दिवसभर कबूल केलं नाही. बाहेरचं खाणं आत नेऊ देतात, बाटल्या काचेच्या नकोत आणि दारू नको, एवढंच. बर्फाचं पाणी खाण्याच्या काउंटरवर मागितलं की फुकट मिळतं. नोव्हेंबर असून घामाच्या धारा होत्या, त्यामुळे हे पाणी फार कामी आलं.

दारातून आत गेल्यावर चौकात रॉय डिस्नेचा पुतळा आहे, मिनीबरोबर बाकावर बसलेला. बाबांनी विचारलं, हा कोण? मी वाचून आले होते, सांगितलं. वॉल्ट १९६६ साली गेला, तेव्हा इथे नुसती दलदल होती. थोरल्या रॉयनं निवृत्ती बाजूला ठेवून हे उभं केलं, १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलं आणि त्याच डिसेंबरात तोही गेला. नाव नुसतं 'डिस्ने वर्ल्ड' ठेवायचं ठरलं होतं, त्यापुढे धाकट्याचं 'वॉल्ट' लावायला लावलं ते यानंच. बाबा पुतळ्याकडे बघत राहिले. "आणि आमच्याकडे सातबाऱ्यावरून डोकी फोडतात."

त्यांना खरं खिळवलं ते मात्र पुढच्या गोष्टीनं. जमिनीत थोडं खणलं की पाणी लागतं, म्हणून इथले बोगदे खाली न खणता जमिनीच्या पातळीवरच बांधले आणि तळं खणताना निघालेली माती वर पसरली. आपण रस्ता समजून चालतो तो खरं म्हणजे दुसरा मजला. कामगार, कपडे, सामान, सगळी ये-जा खालून. बाबांनी पायानं फरशी ठोकून बघितली.

पीटर पॅनची रांग तासाभराची. यासाठी लायटनिंग लेन मिळाली नव्हती आणि सईला तेच हवं होतं. मी मनातल्या मनात पुढचे आकडे सरकवत होते, इतक्यात आमच्या पुढच्या बाई वळल्या. "तुम्ही मराठी का? चकलीचा वास आला." न्यू जर्सीतच पार्सिपनीला लेकीकडे आलेल्या. आईंनी पहिला प्रश्न टाकला तो ठरलेलाच, "माहेर कुठलं?" इस्लामपूर. संपलंच मग. डबा उघडला गेला, त्यांच्या पर्समधून शंकरपाळे निघाले, गुडघ्यांच्या डॉक्टरांची तुलना झाली, दोन्हीकडच्या सुनांचं कौतुक आमच्या देखत जरा मोठ्यानं झालं. रांग पुढे सरकली की या दोघी मागे राहायच्या आणि मागचा गोरा माणूस नम्रपणे थांबायचा. त्यालाही चकली मिळाली. राइड तीन-एक मिनिटांची असेल. बाहेर आल्यावर विचारलं, कशी होती? आई म्हणाल्या, "छान. त्यांची धाकटी बोस्टनला असते."

इतके दिवस मी रांग कशी टाळायची हे शिकत होते. पण नीट बघितलं तर आमच्या घरातली सहाही माणसं, फोनशिवाय, एकाच जागी तासभर उभी राहण्याचा प्रसंग गेल्या कित्येक महिन्यांत आला नव्हता. न्यू जर्सीत एडिसन गावातल्या आमच्या घरात बाबा वर, आई देवाजवळ किंवा ओट्याशी, मंदार मीटिंगमध्ये, मुलं खाली. रांगेत पळायला जागाच नाही. अद्वैतनं आजोबांना विचारलं की तुम्ही विजेच्या खांबावर चढायचा का, आणि वीज मंडळातल्या नोकरीच्या गोष्टी सुरू झाल्या. कोयनेच्या भूकंपाच्या रात्रीची गोष्ट मंदारनंसुद्धा इतकी सविस्तर पहिल्यांदाच ऐकली. १९६७ चा डिसेंबर, बाबा तेव्हा शाळकरी. राइडचं दार आलं तेव्हा अद्वैत म्हणाला, थांबा ना, पूर्ण होऊ दे.

चार वाजता स्पेस माउंटन. मंदार आणि अद्वैत आत गेले. आम्ही उरलेले शेजारच्या पीपलमूव्हरवर. उंचीची अट नाही, झटके नाहीत, निवांत फिरवून आणणारी उघडी गाडी. ती थांबत नाही, सरकत्या चकतीवरून चढावं लागतं. आईंनी पदर खोचला, मोठा श्वास घेतला आणि चढल्या. बाबा मात्र डब्याखाली वाकून बघायला लागले.

"इंजिन कुठाय?"

डब्यात इंजिन नाहीच. रुळांमध्ये ठरावीक अंतरावर विजेची वेटोळी बसवली आहेत, चुंबकाच्या जोरावर ती वरच्या डब्याला पुढे ढकलतात. "म्हणजे मोटर उलगडून जमिनीवर आडवी पसरली," बाबा म्हणाले. मला अर्ध्या तासाच्या व्हिडिओतून जे कळलं नव्हतं ते या वाक्यात कळलं. मध्येच ही गाडी काळ्या बोगद्यात शिरते, आणि तो बोगदा स्पेस माउंटनच्या पोटातून जातो. अंधारात तारे, वर किंकाळ्या. सई ओरडली, "दादा!" कुणीतरी वरून ओरडलं. तो अद्वैतच होता, यावर ती ठाम आहे.

बाबा उतरायला तयार नव्हते. पुन्हा बसले, मग पुन्हा. आम्ही शेवटी त्यांना तिथेच सोडून बाहुल्यांच्या बोटीत, म्हणजे 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'मध्ये, जाऊन आलो. ती राइड मूळची १९६४ च्या न्यू यॉर्कच्या जागतिक प्रदर्शनातली. गाणं अजून डोक्यात वाजतंय, त्याबद्दल जास्त लिहीत नाही, नाहीतर झोप यायची नाही.

रात्री किल्ल्यावर चित्रं आणि आकाशात दारूकाम. किल्ल्याच्या टोकावरून टिंकर बेल तारेवरून उडत जाते. मुलं टाळ्या पिटत होती. बाबा तारेचं दुसरं टोक शोधत होते. "त्या पोरीचा विमा उतरवला असेल ना?"

शुक्रवार

ॲनिमल किंगडम. सफारी झाली, जिराफ अगदी गाडीजवळ आला, मुलं खूश. पण आजचा दिवस बाबांच्या लेखी आनंदपूरचा.

आशिया विभागात डिस्नेनं आनंदपूर नावाचं काल्पनिक राज्य उभं केलंय. पोपडे उडालेल्या भिंती, हातानं रंगवलेल्या दुकानांच्या पाट्या, टेकवून ठेवलेल्या सायकली, छपरावरून लोंबणाऱ्या वायरी. मला आधी जरा राग आला. आम्हाला दाखवायला हेच मिळालं का? तेवढ्यात बाबा त्या वायरींखाली जाऊन थांबले आणि कमरेवर हात ठेवून चांगली पाहणी केली. "हे जोडणी बघून केलंय. उगाच नाही लोंबवलं. कुणीतरी आपल्याकडे येऊन खांब बघून गेलाय." मग जरा वेळानं, "आयुष्यभर आम्ही हे काढत होतो, आणि यांनी पैसे देऊन लावलं." चेहऱ्यावर मात्र चक्क कौतुक होतं. पुढे राजवाड्याच्या पडक्या भिंतींवर शिकारीची चित्रं आहेत, रंग मुद्दाम विटवलेला, आणि खिडकीतून खरा वाघ. वाघ झोपला होता. आईंनी त्याला नमस्कार केला, देवीचं वाहन म्हणून.

एव्हरेस्टचा डोंगर २०० फुटांना जेमतेम कमी ठेवलाय. दोनशेच्या वर गेलं की विमानांसाठी वर लाल दिवा लावावा लागतो, आणि हिमालयावर लाल दिवा कसा शोभणार! गाडी वर जाते, रूळ तुटलेले दिसतात आणि मग ती अंधारात उलटी खाली येते. सई ४२ इंच, म्हणून आम्ही रायडर स्विच घेतलं: आधी मंदार आणि अद्वैत रांगेतून गेले, मग मी रांग न लावता, आणि माझ्याबरोबर अद्वैत परत. त्याचं फावलंच. सई फाटकाशी उभी राहून उंचीच्या खुणेकडे रागानं बघत होती. तिथली मुलगी खाली बसून तिच्याशी बोलली, एक स्टिकर दिला. सईनं स्टिकर घेतला, राग सोडला नाही.

शनिवार

आज पार्क नाही, मी हट्टानं नाही म्हटलं. सकाळी पोहे, तरणतलाव, झोप. कुकरात वरणभात झाला आणि मंदार तीनदा वाढून घेऊन वर मला म्हणतो, "बरं झालं ना आणला?"

संध्याकाळी सनाला गेलो. डिस्नेच्या ॲनिमल किंगडम लॉजमधलं हॉटेल, आफ्रिकी-भारतीय जेवण, काचेबाहेर माळावर चरणारे झेब्रे. नान, पापड आणि नऊ वाट्यांत चटण्या-लोणची येतात. आईंनी प्रत्येक वाटीत नानचं टोक बुडवून निकाल दिला. कोथिंबिरीची पास. आंब्याची "मुरांबाच आहे, चटणी कशाला म्हणायचं". लसणाच्या लोणच्याची वाटी त्यांनी न बोलता स्वतःकडे ओढली. बिल मी त्यांच्या हाती पडू दिलं नाही. त्याचे रुपये त्यांनी मनात केले असते आणि जेवण पचलं नसतं.

रविवार, एडिसन

घरी. धुण्याची दुसरी खेप लावलीये. अद्वैतला उद्या शाळेत काय सांगायचं याची चिंता आहे, कारण वर्गातली निम्मी पोरं तिथेच होती.

आई मघापासून कराडला बहिणीशी फोनवर आहेत, स्पीकर लावून. मावशींनी राजवाड्याचं विचारलं. "बाहेरूनच बघायचा गं, आत काही नाही." पाळण्यात बसलीस का? "बसले की. एक गाडी तर इंजिनाशिवाय चालते, यांना विचार, सांगतील." संडास किती स्वच्छ, कुणी ढकलत कसं नाही, यावर बरंच झालं. आतषबाजी अर्ध्या वाक्यात आटोपली. आणि आता मूळ मुद्दा चाललाय: "बरं ते राहू दे. तू इस्लामपूरला बँकेत होतीस ना? मग ऐक, एक बाई भेटल्या रांगेत, त्यांचे वडील तिथे हेडमास्तर होते म्हणे. नंबर घेतलाय मी. तुझ्या ओळखीतले निघतात का बघ."