तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा जागेत एवढी भाजी येते कशी?

परसातला माझा तुकडा बघायला आलेलं माणूस आधी वाफ्यांवरून नजर फिरवतं, मग टोपलीकडे बघतं आणि हमखास विचारतं, "खत कुठलं घालता हो तुम्ही?" शब्द बदलतात, रोख तोच असतो. जागा एवढीशी, मग भाजी संपत कशी नाही? इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदा बैजवार लिहूनच टाकते.

खत घालते ना. चांगलं कुजलेलं शेणखत, घरच्या ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट आणि वाफ्यावर पालापाचोळ्याचं आच्छादन. भाजी लावणारं कुणीही एवढं करतंच. माझं खरं उत्तर आहे तोडणी. भाजी कोवळी असताना तोडायची आणि परत परत तोडायची. पुष्कळांना हे उत्तर अपुरं वाटतं. पेरणी, खत, पाणी ही कामं, आणि तोडणी म्हणजे त्या कामांचं फळ, असाच आपला समज असतो. मला विचाराल तर शेंगभाज्या आणि वेलभाज्या यांच्या बाबतीत तोडणी हीच सगळ्यात मोठी मशागत आहे.

झाडाच्या बाजूने बघा. भेंडीला शेंग धरते ती बी पिकवायला. बी तयार झालं की झाडाचं काम झालं. आपण मात्र भेंडी, गवार, घेवडा, काकडी, दोडका, दुधी हे सगळं बी टणक व्हायच्या आत खातो. कोवळी शेंग तोडली की झाडाचं काम अर्धवट राहतं आणि ते नव्याने फुलत राहतं. उलट चार शेंगा झाडावरच निबर होऊ दिल्या, तर पानांनी तयार केलेली साखर त्या बियांकडे ओढली जाते. शिवाय भरत्या बियांमधून निघणारी संप्रेरकं मागून येणाऱ्या फळांना वाढू देत नाहीत. काकडीच्या वेलावर हे अगदी डोळ्यांनी दिसतं. खाली पानाआड एखादी काकडी पिवळी पडेपर्यंत राहिली की वर नुकत्या धरलेल्या करंगळीएवढ्या काकड्या वाळून गळतात. आपण पाणी कमी पडलं का म्हणून शोधत बसतो आणि कारण त्या पिवळ्या काकडीत असतं.

कार्ल लिओपोल्ड हे वनस्पतिशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली सोयाबीनवरचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. फुलं आणि शेंगा काढून टाकल्या की झाडाचं म्हातारपण लांबतं, झाड जास्त काळ हिरवं राहतं, असं त्यांत दिसलं. परसात रोज खुडणी करणारी माणसं नकळत तेच करत असतात.

आता भेंडीच घ्या, कारण तिच्याइतकी घाई दुसऱ्या कुठल्याच भाजीला नसते. फूल सकाळी उमलतं, फिकट पिवळं, आत गडद किरमिजी, आणि त्याच दिवशी मिटतं. हवा उबदार असेल तर तिथून चार ते सहा दिवसांत शेंग तोडायची. त्यानंतर आत तंतू धरायला लागतात आणि एकदा धरलेला तंतू कितीही शिजवला तरी जात नाही. भेंडी शोधायचीही एक रीत आहे. झाड खालून वर फुलत जातं, दर पानाच्या बगलेत एक फूल. म्हणून आधी आज उमललेलं फूल बघायचं आणि तिथून नजर एकेक पेर खाली आणायची. लगेच खाली सुकलेल्या फुलाची टोपी घातलेली चिमुकली शेंग, मग बोटाच्या पेराएवढी, मग बोटभर. ती बोटभर आपली. असं बघितलं की पानाआडची शेंग सुटत नाही.

बाजारात शेंडा मोडून बघतात तसं झाडावर करू नका, शेंग वाया जाते. देठाला सुरी लावायची. सहज कापला गेला तर भेंडी कोवळी आहे. सुरीला जोर लागला तर शेंग जून झाली असं समजा, पण तरीही ती कापाच. हे मला ठासून सांगायचंय. जून शेंग खायच्या कामाची नाही म्हणून लोक ती झाडावरच सोडतात आणि झाडाची फूट तिथेच मंदावते. कापून कंपोस्टात टाका. हो, पूर्ण बाह्यांचं काहीतरी घालून जा, भेंडीच्या लवेने हात फार खाजतात.

वेलभाज्यांमध्ये तोडणीच्या आधीचा एक प्रश्न मला वारंवार येतो: वेल फुलाने भरलाय, पण फळच धरत नाही. घाबरू नका. काकडी, भोपळा, दुधी, दोडका यांची नरफुलं आणि मादीफुलं वेगळी असतात, आणि सुरुवातीला बहुतेक नुसती नरफुलंच येतात. मादीफुलाच्या मागे देठावर इवलंसं फळ आधीपासूनच दिसतं. परागीकरण झालं तर ते वाढतं, नाहीतर पिवळं पडून गळतं. काकडी आणि भोपळ्याची फुलं सकाळी उघडी असतात, मधमाश्या ते काम करतात. दुधी आणि दोडका मात्र संध्याकाळी फुलतात आणि त्यांच्याकडे पतंग येतात. पतंग कमी असतील तर आपण हातभार लावायचा. दिवस कलला की मांडवाखाली जायचं, दुधीचं पांढरं नरफूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला परागाने भरलेला दांडा मादीफुलाच्या मधोमध हलकेच फिरवायचा. पराग बोटाला लागतो, भुकटीसारखा. पुढच्या काही दिवसांत मागचं फळ फुगायला लागलं आणि त्याचा देठ जाड झाला, की काम झालं. मला या सगळ्या बागकामात हे काम सर्वांत जास्त आवडतं.

दुधी तोडायचा तो अंगावर लव असताना. नख लावलं तर सालीत सहज रुतलं पाहिजे. लव गेली, साल चकचकीत आणि टणक झाली, की आत बिया कडक झालेल्या असतात. मोठ्या दुधीचं कौतुक करणाऱ्यांशी माझं पटत नाही. हातभर लांब दुधी फोटोत छान दिसतो, पण त्याच्या वाढीला लागलेल्या दिवसांत वेलाने दोन-तीन कोवळे दुधी दिले असते. दोडक्याच्या शिरा, काकडीचा हिरवेपणा, वांग्याची चकाकी, सगळीकडे तोच हिशोब. वांग्याची चकाकी उतरली की बी भरलं असं धरून चाला.

इथेच एक धोक्याची गोष्ट सांगून ठेवते. दुधी, दोडका किंवा काकडी चिरल्यावर एक फोड चाखून बघा. नेहमीपेक्षा वेगळी, जहाल कडू लागली तर थुंका आणि अख्खं फळ फेकून द्या. हा कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्यांचा असतो, शिजवल्याने तो जात नाही, आणि पोटात गेला तर उलट्या, जुलाब, कधी त्याहून गंभीर त्रास होतो. घरची भाजी, कष्टाने पिकवलेली, म्हणून जीव तुटतो, ते समजतं. तरीही फेका.

पालेभाज्यांचं गणित जरा निराळं. तिथे फळ नाही, पण शेंडा आहे. वाढता शेंडा खालच्या डोळ्यांना दबवून ठेवतो. माठाचा शेंडा खुडला की पानांच्या बगलेतले डोळे फुटतात आणि एका दांड्याच्या जागी तीन-चार फुटवे मिळतात. पालकाची बाहेरची पानं घ्यायची, मधला गाभा सोडायचा. कोथिंबीरही मुळासकट न उपटता बाहेरच्या काड्या तळाशी कापून घेता येते. पण उन्हाचा कडाका वाढला, दिवस मोठा झाला, की कोथिंबीर फुलावर येणारच. ते खुडून थांबत नाही. त्यासाठी दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं बी टाकत राहायचं, एवढाच उपाय.

टोमॅटोला मात्र कोवळेपणाचा नियम लावू नका. तो झाडावर रंग धरू लागेपर्यंत थांबायचं. तळाशी गुलाबी छटा दिसली की तोडला तरी चालतो, घरात ठेवून तो छान पिकतो, आणि पक्षी, किडी, तडा जाणं यांतून वाचतो. कडक उन्हाळ्यात तर तसाच तोडावा. तापमान ३० अंशांच्या पुढे राहिलं की टोमॅटोत लाल रंग नीट तयार होत नाही, फळ पिवळट-केशरीच राहतं. खिडकीच्या उन्हात ठेवायची गरज नाही, पिकायला ऊब पुरते. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, वास मरतो.

वेळ कोणती, हेही विचारतात. सकाळी, ऊन चढायच्या आत. रात्रभरात पानं आणि फळं पाण्याने टवटवीत झालेली असतात आणि गारही असतात, त्यामुळे टिकतात. घेवड्याला एक अपवाद: पानं दवाने किंवा पावसाने ओली असतील तर सुकेपर्यंत थांबा, कारण ओल्या पानांतून हात फिरला की तांबेरा आणि करपा हे रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. आणि मटार, मधुमका यांच्या बाबतीत तोडणी आणि शिजवणी यांच्यात जितकं कमी अंतर तितकं बरं. तोडल्या क्षणापासून त्यांतल्या साखरेचा पिठूळपणा व्हायला लागतो. परसात मटार लावायचं माझ्या लेखी हेच मोठं कारण, ती गोडी विकत मिळत नाही.

बियाण्यासाठी काय, असं कुणीतरी विचारेलच. सगळ्यात निरोगी झाड निवडून त्यावरची एखादी शेंग किंवा फळ दोरा बांधून राखायचं. फक्त हे हंगामाच्या शेवटाकडे करा. आधीच राखलंत तर झाड तिथेच हात आखडेल. घेवडा, गवार, वाटाणा यांची झाडं संपली की उपटू नका, जमिनीलगत कापा. मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र बांधणारे जिवाणू असतात, ती मुळं जागेवरच कुजलेली बरी.

राहिला शेवटचा प्रश्न: रोज तोडायला वेळ नसेल तर? मग वाट बघणाऱ्या भाज्या लावा. गाजर, बीट जमिनीत काही दिवस सहज थांबतात. बटाटा पाला वाळल्यावर लगेच न खणता पंधरवडाभर ठेवला तर त्याची साल पक्की होते. कांदा माना टाकेपर्यंत, लसूण खालची पानं पिवळी होईपर्यंत तुमच्याकडे काही मागत नाही. लाल भोपळा तर साल नखाला दाद देईनाशी होईपर्यंत आणि देठ वाळेपर्यंत वेलावरच हवा, आणि तोडताना देठाचा तुकडा ठेवायचा, म्हणजे महिनोन्‌महिने टिकतो. भेंडी-काकडीची हौस असेलच तर दोन-चार झाडं पुरेत, आणि गावाला जाताना शेजाऱ्यांना सांगून जा की मधल्या दिवसांत येऊन तोडा आणि तुम्हीच न्या.